टॉयलेट पेपर, रजई आणि एक थाप

१९८६ च्या फेब्रुवारीत 'रेकॉर्डिंग इंजिनिअर/प्रोड्यूसर' नावाच्या अमेरिकन मासिकात टॉयलेट पेपरवर एक लेख छापून आला. विनोदी नव्हे बरं का, चांगली मोजमापं-बिजमापं घेऊन लिहिलेला तांत्रिक लेख. त्याचं असं झालं होतं. यामाहाने १९७८ साली एनएस-१० नावाचा एक स्पीकर काढला, घरी गाणी ऐकण्यासाठी. घरच्या मंडळींनी तो काही मनावर घेतला नाही, कारण कानाला टोचायचा. पण स्टुडिओतल्या लोकांना तो भलताच आवडला. मिक्सरच्या कडेवर बसेल एवढा लहान, आणि मिक्समध्ये काही चुकलं असेल तर लगेच चुगली करणारा. यावर बरं वाजलं की कुठेही बरं वाजेल, अशी त्याची ख्याती झाली.

राहता राहिला तो टोचणारा ट्रेबल. त्यावर कुणीतरी उपाय काढला, की ट्विटरवर टॉयलेट पेपरचा तुकडा चिकटवायचा. (ट्विटर म्हणजे स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भोंगा. दुसरा ट्विटर नव्हे. त्याचं तर नावही आता राहिलं नाही.) बॉब क्लिअरमाउंटन या नामांकित मिक्सरने हे सुरू केलं अशी आख्यायिका आहे. ते खरं असो-नसो, बघता बघता सगळे चिकटवायला लागले. का, ते कुणी विचारलं नाही.

बॉब होडास नावाच्या इंजिनिअरने विचारलं. कुठला पेपर? एक पदरी की दोन पदरी? त्याने वेगवेगळे कागद लावून मोजलं. कागदाने ट्रेबल कमी होतो हे खरंच निघालं. पण आवाजाचा काही भाग कागदावर आपटून मागे फिरतो आणि त्यामुळे वरच्या सुरांमध्ये कंगव्याच्या दात्यांसारखे खड्डे पडतात. कागद बदलला की खड्डे बदलतात. म्हणजे दोन स्टुडिओंत दोन ब्रँडचे रोल असतील तर दोन वेगळे स्पीकर झाले! त्यापेक्षा सरळ इलेक्ट्रॉनिक फिल्टर लावा, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, यामाहाने ट्रेबल थोडा मवाळ केलेलं 'स्टुडिओ' मॉडेल काढलं.

हा लेख मला सारखा आठवतो, कारण एका मित्राने विचारलेल्या प्रश्नाचं तेच खरं उत्तर आहे. हा मित्र दिवसा टेस्टिंग करतो आणि रात्री बेडरूममध्ये गाणी रेकॉर्ड करतो. "अरे, या विषयावर वाचण्यालायक मासिक कुठलं?" असं त्याने विचारलं. नुसतं नाव सांगून भागलं असतं, पण नावामागे पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे आणि तो मला नावापेक्षा जास्त रंजक वाटतो. शनिवार मोकळाच होता. म्हटलं लिहूनच काढू.

सुरुवातीला हे ज्ञान कागदावर नव्हतंच. म्हणजे भौतिकशास्त्र होतं; ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी १९४८ साली स्थापन झाली आणि १९५३ पासून तिचं जर्नल निघू लागलं. पण ते अँप्लिफायर आणि मायक्रोफोन बनवणाऱ्यांसाठी. ते वापरणाऱ्यांचं ज्ञान हातात आणि कानात होतं, आणि ते मिळवायची पद्धत आपल्याकडच्या गुरुकुलासारखी. लंडनच्या ॲबी रोडवर, म्हणजे ईएमआयच्या स्टुडिओत, पोरगा लागायचा तो खालच्या पायरीवर. मग टेप ऑपरेटर व्हायचा, म्हणजे वरिष्ठ सांगेल तेव्हा टेप सुरू करायची आणि थांबवायची. तोंड बंद, डोळे उघडे. असं करत करत एक दिवस 'बॅलन्स इंजिनिअर'च्या खुर्चीत.

या पद्धतीत शिस्त होती आणि शिस्तीला नियमही होते. जेफ एमेरिक १९६६ साली बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'साठी त्या खुर्चीत बसला तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. त्याने ड्रमचा माइक नियमापेक्षा खूपच जवळ नेला. वरून पत्र आलं. रागावणारं नव्हे, परवानगी देणारं. पण फक्त बीटल्सच्या रेकॉर्डिंगपुरती! ही गोष्ट त्याने स्वतःच २००६ च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. आज कुठल्याही कॉलेजच्या बँडला ड्रमजवळ माइक लावायचं माहीत असतं. तेव्हा ते एका इमारतीतलं, एका गिऱ्हाइकापुरतं गुपित होतं.

घराण्यांच्या गोष्टी ऐकून मोठे झालेल्यांना यात नवल वाटणार नाही. चीज शिकवायची नाही, शिकवली तरी अंतरा हातचा राखायचा, वगैरे. फरक एवढाच, की इथे उस्तादाच्या जागी कंपनी होती.

तर ही कोंडी फोडायला सुरुवात केली ती धंद्याच्या मासिकांनी. १९६७ साली 'डीबी' हे मासिक निघालं, डेसिबलमधलं डीबी. १९७० साली हॉलीवूडमध्ये मार्टिन गॅले याने वर उल्लेख केलेलं 'रेकॉर्डिंग इंजिनिअर/प्रोड्यूसर' सुरू केलं. नावातली ती तिरकी रेघ महत्त्वाची आहे. विज्ञान, कला आणि यंत्रं यांना एका टेबलावर बसवायचं असा त्याचा जाहीर उद्देश होता. ब्रिटनमध्ये 'द टेप रेकॉर्डर' नावाचं १९५९ पासूनचं हौशी मासिक होतं. सत्तरच्या सुमाराला त्याचं नाव आणि रूप बदलून 'स्टुडिओ साउंड' झालं. १९७७ साली कॅलिफोर्नियात 'मिक्स' आलं, ते आधी जवळपास स्टुडिओंची डिरेक्टरीच होतं. नंतर मात्र त्याचा पसारा प्रचंड वाढला.

या जुन्या अंकांची स्कॅन केलेली प्रत 'वर्ल्ड रेडिओ हिस्टरी' नावाच्या संग्रहात चकटफू वाचायला मिळते. एखाद्या रविवारी चाळून बघा. पहिली गोष्ट जाणवते ती जाहिरातींची. दिवाळी अंकात जसं एका कथेमागे सोनं, साबण आणि सहकारी बँक येते, तसं इथे एका लेखामागे चार टेप मशीन आणि दोन मिक्सर. हेच या मासिकांचं बळ आणि हीच त्यांची मर्यादा. ज्याची जाहिरात मागच्या पानावर, त्याच्या यंत्राचं परीक्षण पुढच्या पानावर. त्यामुळे वाईट परीक्षण म्हणून काही नसतंच. असतात ती 'प्रत्येकाने स्वतः ऐकून ठरवावं' अशी वाक्यं. आपल्या कोड रिव्ह्यूमध्ये जसं 'लुक्स गुड' असतं ना, तसं.

म्हणून माझी एक ढोबळ कसोटी आहे. परीक्षणं वगळायची आणि माणसांनी काय केलं ते वाचायचं. यंत्र पाच वर्षांत भंगारात जातं. माइक कुठे ठेवला, का ठेवला, आणि आधी कुठे ठेवून फसलो, हे पन्नास वर्षांनीही कामाला येतं. 'काय फसलं' हे छापणारं मासिक चांगलं, इतकं सोपं आहे हे.

१९७९ साली आणखी एक उलथापालथ झाली. टीॲकने पोर्टास्टुडिओ नावाचा डबा काढला. साध्या कॅसेटवर, दुप्पट वेगाने पळवून, चार ट्रॅक! ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ सालचा 'नेब्रास्का' हा आख्खा अल्बम असल्या डब्यावर घरी रेकॉर्ड केला. खरं तर त्या नुसत्या बँडला ऐकवायच्या कच्च्या चाली होत्या. मग स्टुडिओत बँडसकट प्रयत्न करून झाले, पण कच्च्याची सर पक्क्याला येईना. १९८३ साली मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी बोलायला लागले. (चाळीस वर्षं टिकलेला प्रोटोकॉल. आपल्यापैकी किती जणांचं एपीआय चार वर्षं टिकतं?)

आता वाचक बदलला. तो स्टुडिओचा नोकर राहिला नाही, घरातल्या खोलीत एकटा बसलेला माणूस झाला. त्याला ना वरिष्ठ, ना बघून शिकायला कोणी. ब्रिटनमध्ये या माणसासाठी भराभर मासिकं निघाली. 'इलेक्ट्रॉनिक्स अँड म्युझिक मेकर' १९८१ मध्ये, 'होम अँड स्टुडिओ रेकॉर्डिंग' १९८३ मध्ये. आणि १९८५ मध्ये 'साउंड ऑन साउंड'. त्याची घोषणा चॅनल ४ वरच्या 'द ट्यूब' या संगीताच्या टीव्ही कार्यक्रमात झाली होती. स्टार्टअपवाल्यांनी नोंद घ्यावी.

मित्राला पहिलं नाव मी हेच सांगितलं. कारण यांनी त्या एकट्या माणसाला कधी कमी लेखलं नाही. नमुना बघायचा असेल तर गॉर्डन रीडची 'सिंथ सीक्रेट्स' ही लेखमाला घ्या. मे १९९९ ते जुलै २००४, एकूण ६३ भाग. तुतारीसारखी वाद्यं, बासरी, झांजा, घंटा, हे सगळे आवाज मुळात कसे तयार होतात आणि ऑसिलेटर-फिल्टर जोडून त्यांची नक्कल कुठपर्यंत करता येते, एवढाच विषय. पाच वर्षं दर महिन्याला! कुठलाही संपादक आज याला परवानगी देईल असं वाटत नाही. मी पहिले वीस भाग सलग वाचले आणि इंजिनिअरिंगला सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये जे डोक्यावरून गेलं होतं ते उतरलं.

आणि रजई. तेव्हाचे संपादक पॉल व्हाइट यांचा ठाम सल्ला असा, की गायकाच्या पाठीमागे जाड रजई टांगा. महागडा माइक घेण्याआधी हे करा. कारण माइक समोरच्या गळ्यासोबत गायकाच्या मागची भिंतही ऐकत असतो. वर्षानुवर्षं हा सल्ला त्यांनी इतक्यांदा दिला की ती मासिकाची ओळखच झाली. 'स्टुडिओ एसओएस' या सदरात व्हाइट आणि ह्यू रॉबजॉन्स वाचकांच्या घरी जायचे, स्पीकर भिंतीपासून सरकवायचे, रजया टांगायचे आणि यजमानांनी दिलेल्या बिस्किटांची लेखात नोंद करायचे. जाहिरातीवर जगणारं मासिक वाचकाला 'काही विकत घेऊ नकोस, गोधडी टांग' सांगतं, याला मी प्रामाणिकपणा म्हणतो.

अर्थात प्रामाणिक मासिकालाही फसवता येतं. तो किस्सा सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

१९९८ च्या शेवटी शेरचं 'बिलीव्ह' आलं आणि जगभर वाजलं. त्यात तिचा आवाज मध्येच यंत्रासारखा तुटतो, एका सुरावरून दुसऱ्यावर पायरी चढल्यासारखा उडी मारतो. हे केलं कसं? फेब्रुवारी १९९९ च्या अंकात 'साउंड ऑन साउंड'ने निर्मात्यांची मुलाखत छापली. भरपूर तपशील होता. कुठला माइक, कुठली टॅस्कॅमची मशीन, कॉम्प्युटरवर क्यूबेस. आणि त्या आवाजाबद्दल सांगितलं होतं, की आधी कॉर्ग व्हीसी-१० हा जुना व्होकोडर वापरून पाहिला, मग डिजिटेकचा 'टॉकर' नावाचा पेडल वापरला. रेकॉर्ड कंपनीच्या वरिष्ठांना तो परिणाम काढून टाकायचा होता, पण शेर अडून बसली, हेही त्यात होतं.

सगळं छान. फक्त टॉकरची गोष्ट थाप होती. तो आवाज होता अँटारेस कंपनीच्या 'ऑटो-ट्यून'चा. १९९७ साली आलेलं सॉफ्टवेअर, बेसूर गायन गुपचूप सुरात आणायला. ते बनवणारा अँडी हिल्डेब्रँड मुळात तेल शोधणारा भूकंपलहरींचा माणूस. जमिनीत लहरी सोडायच्या आणि परत आलेल्या प्रतिध्वनींतून खाली काय आहे ते काढायचं. तेच ऑटोकोरिलेशनचं गणित त्याने गळ्यातला सूर ओळखायला लावलं. सूर किती वेगाने दुरुस्त करायचा याची एक सेटिंग होती. वेग हळू ठेवला तर कुणाला कळत नाही. निर्मात्यांनी ती शून्यावर नेली, म्हणजे लगेच, तत्क्षणी. गळ्याची एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याची जी नैसर्गिक घसरण असते, आपण मींड म्हणतो तीच, ती कापली गेली. उरल्या पायऱ्या.

हे गुपित फोडायचं नव्हतं म्हणून त्यांनी धंद्यातल्या सगळ्यात विश्वासू मासिकाला हातभर तपशील दिला आणि मधोमध एक खोटं ठेवलं. हे वाचून किती जणांनी टॉकर विकत घेतला असेल देव जाणे. पण मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. मासिकाने नंतर तो लेख उडवला नाही किंवा गुपचूप दुरुस्तही केला नाही. मूळ मजकूर तसाच ठेवून खाली टीप जोडली, की बाबांनो, निर्मात्यांनी तेव्हा खरं सांगितलं नव्हतं. त्यामुळे आज तो लेख दुहेरी दस्तऐवज झाला आहे. गाणं कसं बनलं त्याचा, आणि गुपितं कशी राखली जातात त्याचाही.

अटलांटिकच्या पलीकडे याच काळात अगदी वेगळ्या वाटेने एक मासिक उभं राहत होतं. १९९६ साली ओरेगनमधल्या पोर्टलंडला लॅरी क्रेन नावाच्या माणसाने झेरॉक्सवर अंक काढायला सुरुवात केली. नाव 'टेप ऑप'. हो, तोच ॲबी रोडवरचा तोंड बंद ठेवणारा टेप ऑपरेटर. फक्त आता तो बोलायला लागला. क्रेनने १९९७ मध्ये स्वतःचा स्टुडिओही थाटला. म्हणजे दिवसभर रेकॉर्डिंग आणि उरलेल्या वेळात इतर रेकॉर्डिंगवाल्यांच्या मुलाखती. प्रश्न विचारणाराच कामातला, त्यामुळे उत्तर देणाऱ्याला पोपटपंची करता येत नाही. तळघरात आठ ट्रॅकवर काम करणारा आणि ग्रॅमी मिळालेला, दोघांना सारखीच पानं.

पुढे जॉन बॅचिगालुपी प्रकाशक म्हणून आला, अंक झेरॉक्सवरून रंगीत झाला आणि अमेरिकेत वर्गणी फुकट झाली. म्हणजे परत जाहिराती आल्याच. पण इथे मुलाखतच मुख्य राहिली, यंत्रं मागच्या पानांवर गेली. काहींना या मुलाखती पसरट वाटतात. आहेतही. अर्धं पान माणूस आपल्या जुन्या बँडबद्दल बोलतो आणि मग सहज एका वाक्यात असं काही सांगून जातो की अंक खाली ठेवून माइक हलवायला उठावं लागतं.

बाकीच्यांचं काय झालं? 'रेकॉर्डिंग इंजिनिअर/प्रोड्यूसर' १९९२ मध्ये बंद पडलं. 'स्टुडिओ साउंड' २००१ मध्ये. त्यातल्याच काहींनी २००२ मध्ये 'रेझोल्यूशन' काढलं. 'ईक्यू' २०११ मध्ये आणि 'कीबोर्ड' २०१७ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक म्युझिशियन'मध्ये विलीन झाली. मोठे स्टुडिओ मिटले तसे मोठ्या मिक्सरच्या जाहिराती मिटल्या. सरळ हिशेब आहे.

आणि तो एनएस-१०? त्याचं उत्पादन २००१ मध्ये थांबलं. पांढऱ्या कोनाला लागणारा कागदाचा लगदा मिळेना, असं यामाहाचं कारण. त्याच वर्षी साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या ध्वनिसंशोधकांनी बरेच स्टुडिओ स्पीकर मोजून, हाच का टिकला याचं उत्तर दिलं. बंद पेटीमुळे याचा खालचा आवाज चटकन थांबतो, घुमत राहत नाही. म्हणून मिक्समध्ये काय चाललंय ते स्पष्ट कळतं. २००८ साली 'साउंड ऑन साउंड'ने हे सगळं फिल वॉर्डच्या लेखात सोप्या भाषेत मांडलं. होडासच्या टॉयलेट पेपरपासून इथवर बावीस वर्षं. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

आपल्याकडे काय, असं कुणी विचारेलच. मुंबईतून १९८० च्या दशकात 'प्लेबॅक अँड फास्ट फॉरवर्ड' नावाचं इंग्रजी मासिक निघत असे. कॅसेटचा तो सुकाळ होता. एचएमव्हीची मक्तेदारी मोडली होती, कोळीगीतं, भीमगीतं, लावण्या, भजनं, सगळं गल्लोगल्ली कॅसेटवर मिळत होतं. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक लिहिलं तेव्हा या मासिकाच्या अंकांचा त्याला भरपूर उपयोग झाला. धंद्याचं मासिक वीस रुपयांच्या कॅसेटच्या भानगडी छापतं आणि तोच इतिहासाचा कच्चा माल होतो.

पण त्याच्या आधीचा काळ, फिल्मी संगीताचा सुवर्णकाळ म्हणतात तो, असा छापला गेला नाही. शंभरेक वादक एका हॉलमध्ये, मोजके माइक, गाणारी बाई किंवा बुवा त्याच वेळी, आणि चुकलं की पहिल्यापासून. परळच्या राजकमल कलामंदिरचे मंगेश देसाई, किंवा मिनू कात्रक, यांची नावं श्रेयनामावलीत ओझरती दिसतात. ग्रेगरी बूथ या प्राध्यापकाने मुंबईत येऊन, म्हाताऱ्या वादकांच्या घरी बसून, एकेकाच्या आठवणी टेप केल्या. त्याचं 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८ मध्ये आलं. कोण कुठे बसायचं, रेकॉर्डिस्ट वादकांना पुढे-मागे सरकवून बॅलन्स कसा साधायचा, रिहर्सल किती व्हायच्या, हे त्यातल्या मुलाखतींतून कळतं. पुस्तकाच्या मध्यावर गोव्याहून आलेल्या वादकांबद्दल जे आहे, त्यावर वेगळा लेख लिहायला हवा. पुढच्या शनिवारी बघू, सोमवारचं रिलीज सुखरूप पार पडलं तर.